गोल्फच्या माळावरचं नरसाळं

कालचा रविवार, तारीख तीन सप्टेंबर, सन एकोणीसशे चव्वेचाळीस. सकाळी आठ वाजता आभाळ ढगाळ, वारा पश्चिमेचा, मध्यम, आणि गेल्या चोवीस तासांतला पाऊस... हां, इथंच तर सगळा घोटाळा झाला! काल त्या माळावर माझ्या यंत्राभोवती चार माणसं तावातावानं भांडत होती, आणि त्यातल्या एकाला, फक्त एकाला, पावसाची पडली होती. तो एक म्हणजे मी!

हसू नका. तारीख आणि हवा सांगितल्याशिवाय मला बोलताच येत नाही, त्याला इलाज नाही. मी केरबा, साताऱ्याच्या कचेरीतला पट्टेवाला. शिक्षण मराठी चौथी. कोरेगावच्या वाटेवर दीड मैलावर माळ आहे, तिथं कचेरीचं पावसाचं यंत्र आहे. यंत्र म्हणजे काय, जमिनीत निम्मं पुरलेलं पत्र्याचं डबडं, त्यावर पितळी कडेचं नरसाळं, आणि नरसाळ्याखाली बाटली. रोज सकाळी आठ वाजता बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं आणि आकडा लिहायचा. इंचाचे शंभर भाग, एका भागाला म्हणायचं सेंट. हे काम खरं कारकुनाचं, पण त्यांना दीड मैल चालवत नाही, म्हणून तेहेतीस साली ते माझ्याकडं आलं. दशांशाचं गणित मी शेंगांच्या टरफलांवर माझं मी शिकलो. आणि तुम्हाला सांगतो, अकरा वर्षांत एक दिवस, एक दिवस नोंद चुकलेली नाही! थोरलीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि मी मांडवातनं तसाच निघालो, फेट्यासकट. त्या दिवशी सहा सेंट.

आता हे यंत्र माळावर का? तर जवळ झाड नको, भिंत नको, उघडी सपाट जागा पाहिजे. बरोबर? मग मला सांगा, उघडी सपाट हिरवी जागा आणखी कुणाला आवडते? साहेबाला! लढाई लागली, एक्केचाळीस साली माळाच्या पलीकडं लष्कराची छावणी पडली, आणि साहेबलोकांनी तिथं गोल्फ सुरू केलं. आधी यंत्र आलं, मग साहेब आले, हे लक्षात ठेवा. पण चेंडूला कोण सांगणार?

तो चेंडू बघितलाय तुम्ही? लिंबाएवढा. पांढरा, गोंडस. हातात घेतला तर वाटतं, लेकराला खेळायला द्यावा. आणि अंगावर बसला की वाटतं, घोड्यानं लाथ घातली! माझी डायरी बघा. ता. १९ जुलै, पाऊस बावीस सेंट, चेंडू डाव्या खांद्यावर. ता. २ ऑगस्ट, पाऊस एकतीस सेंट, चेंडू छत्रीच्या आरपार. ता. ११ ऑगस्ट, पाऊस निरंक, टेंगूळ एक. अहो, मी पाऊस मोजायला जातो, लढाईला नाही!

बरं, साहेब ओरडून सावध करतात, नाही असं नाही. पण कधी? चेंडू सुटल्यावर! आणि मागनं कुणी ओरडलं तर माणूस काय करतो? वळून बघतो. म्हणजे पाठीत बसायचा तो कपाळात बसतो! याच्यापेक्षा गप्प बसा म्हणावं, पाठ तरी रुंद आहे.

आणि नुसता चेंडू असता तर... पावसात हात निसरडे होतात, मग ते लोखंडी टोकाचं दांडकंच सुटतं, गरगर फिरत गोफणीसारखं येतं. शिवाय खड्डे! आपल्याकडं खड्डा दिसला की माणूस बुजवतो. हे लोक धडधाकट जमीन खणतात, आणि वर पैसे देऊन नदीची वाळू आणून त्यात घालतात. का? तर चेंडू अडकावा म्हणून! चेंडू अडकत नाही, मी अडकतो. श्रावणात तो खड्डा पाण्यानं भरला होता, मला वाटला घोटाभर, निघाला कमरेइतका.

मी अर्ज केला. लेखी. तारखा, जखमा, वाऱ्याची दिशा, सगळं लिहून. साहेबांनी दखल घेतली, खोटं कशाला बोलू. पाटी लावली. इंग्रजीत. कारकुनाकडून अर्थ काढून घेतला, तर त्यावर म्हणे, 'येथे चेंडू येतात, उभे राहू नये.' आता बाजारला निघालेली माणसं, 'काय लिवलंय रं हितं?' म्हणून नेमकी तिथंच उभी राहतात. तात्याबा माळी, तो त्या मैदानाची निगा राखतो, तो मला म्हणाला, "केरबा, पाटी लावल्यापास्नं तिघं शेकलं गड्या. आदी कोन थांबत न्हवतं हितं."

आमचा पुतण्या लालासाहेब ब्रह्मदेशात आहे, आघाडीवर. परवा त्याचं पत्र आलं. 'काका, मी खुशाल आहे, खरचटलेलंसुद्धा नाही. तुमच्या डोक्याला लागल्याचं काकीनं कळवलं. जपून राहावे.' जपून राहावे! मला! साताऱ्यात! अहो, मी पाऊस मोजायला जातो...

पण माझ्या डोक्याचं सोडा. डोकं हळद-चुन्यानं बरं होतं. मूळ गोष्ट अशी की सव्वीस ऑगस्टला कचेरीत कागद आला. तीन सप्टेंबरला पुण्याहून तपासनीस येणार, यंत्र तपासणार, आणि नरसाळ्याच्या पितळी कडेला पोचा आढळला तर इथलं केंद्र बंद, यंत्र कोरेगावला. बरोबरच आहे त्यांचं. तोंड बरोबर पाच इंच गोल पाहिजे. कड वाकडी झाली की आकडा खोटा. पण कोरेगावला गेलं की तिथला पट्टेवाला मोजणार! मग मी सकाळी उठून करायचं काय? आठ वाजता जायचं कुठं?

रात्रंदिवस तोच घोर. घरात राहीबाई म्हणाली, "आवं, एवढं वाटतंय तर टोपली झाका की त्याच्यावर!"

"अगं, टोपली झाकली तर पाऊस आत कसा पडंल?"

"मग पाऊस यायच्या वक्ताला काढायची."

"पाऊस कवा येतो ते मला कळत असतं, तर यंत्र कशाला लागलं असतं?"

"अकरा वरसं मोजताय, आन् अजून कवा येतो ते कळत न्हाई?" म्हणाली. मी छत्री घेतली आणि सयाजी सुभेदारांकडं गेलो.

सुभेदार म्हणजे बावीस वर्षं पलटणीत काढलेला माणूस. सगळं ऐकून घेतलं, मिशीवरनं हात फिरवला आणि म्हणाले, "केरबा, लय सोपं हाय. चांदमारीवर, गोळीबाराच्या मैदानात, काय लावत्यात?"

"लाल निशाण."

"व्हय. आन् लाल निशाण दिसलं की? गोरा असू दे न्हाईतर काळा, बंदूक खाली! तकडं गोळी जात न्हाई म्हंजे न्हाई. सायबाच्या रक्तात हाय ते. लाव जा यंत्रापाशी."

पटलं मला! तुम्हालाही पटलं असतं. गोल्फमध्ये निशाणं असतात, हे मला माहीत होतं की. पोरं गोट्या खेळताना गल करतात तशी यांची गल असते, आणि लांबून दिसावी म्हणून तिच्यात निशाण रोवतात. पण ती निशाणं पांढरी. पांढरं म्हणजे खेळ, लाल म्हणजे धोका! यात न पटण्यासारखं काय होतं? राहीबाईचं जुनं लाल लुगडं होतं, त्याचा पदर फाडला. ती म्हणाली, "थोरलीच्या बारशातलं हाय ते." मी म्हटलं, सरकारी काम आहे. आणि शनिवारी संध्याकाळी, नरसाळ्यापासनं हातभर अंतरावर, चांगला सात हात बांबू रोवून आलो. वाऱ्यावर काय फडफडलं म्हणून सांगू!

काल रविवार. साडेसातच्या सुमाराला मी तपासनिसांना घेऊन माळावर. बारीक माणूस, चष्मा, बगलेत छत्री, हातात कड मोजायचा चिमटा. त्यांनी विचारलं, "अहो पट्टेवाले, हे निशाण कशाचं?" मी छाती काढून सांगितलं, "साहेब, संरक्षणासाठी."

संरक्षणासाठी म्हणालो आणि टप्प! पहिला चेंडू. दोन हातांवर. मग दुसरा, डबड्याच्या बाजूला. तिसरा बांबूवर, खट्टकन. अहो, अकरा वर्षांत, चुकलो, तीन वर्षांत, आठवड्याला दोन चेंडू चुकून येत होते. काल दहा मिनिटांत चार आले, आणि एकही चुकून नाही! तपासनीस पालथे पडले, चष्म्यासकट. मी निशाण धरून हलवतोय, बघा की, लाल आहे, लाल! आणि मी जसजसा हलवतोय, तसतसा नेम सुधारतोय!

तेवढ्यात तात्याबा लांबनं धावत आला. "आरं केरबा, काय केलंस ह्ये? गेल्या वादळात हितल्या गलीचं पांढरं निशाण उडून गेलं, नवं लावायचं ऱ्हायलंय. सायबांस्नी वाटलं, तात्याबानं नवं लावलं! आरं, निशाण म्हंजे हितं मारा म्हनून सांगनं!"

ऐकलंत? बावीस वर्षं पलटणीत... जाऊ द्या. मी बांबू उपटायला वाकलो, आणि वरनं, सरळ आभाळातनं, गारेसारखा पाचवा चेंडू आला. कडेला शिवला नाही, बांबूला शिवला नाही. बरोबर नरसाळ्यात! टण्णकन आवाज, दोन गिरक्या, आणि जाऊन बसला तो नरसाळ्याच्या गळ्यात, बुचासारखा.

घड्याळात किती? आठाला सात कमी.

मी हात घालणार, तर टेकाडावरनं लाल मिशीचा मेजर धावत आला, दांडकं नाचवत. "डोन्ट टच! हाट मट लगाओ!" वीस वर्षं म्हणे तो खेळतोय, आणि एका फटक्यात चेंडू गलीत जायची ही पहिली वेळ. त्याच्याबरोबरचा कप्तान म्हणाला, ही गल नव्हे, डबडं आहे, धरणार नाही. मेजर भडकला. "टाट्याबा! नापो!" तात्याबानं दोरीनं मापलं. गल सव्वाचार इंच, नरसाळं पाच. मेजर म्हणाला, बघा, उलट मोठं आहे. कप्तान म्हणाला, म्हणूनच धरत नाही. तपासनीस खालनंच ओरडले, "नरसाळं बंद आहे! आजची नोंद बाद धरावी लागेल!" आणि मेजर म्हणाला, गावातनं फोटोवाला येईपर्यंत चेंडूला कुणी बोट लावायचं नाही!

फोटोवाला! दीड मैलावरनं! आठाला तीन कमी! अकरा वर्षं, चार हजार नोंदी, मांडवातनं उठून केलेल्या, आणि एका लिंबाएवढ्या चेंडूपायी आज कोरा रकाना? वरनं भुरभुर सुरू झालेली! तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मोजायला यंत्र नव्हतं. मी मेजरासमोर उभा राहिलो आणि ओरडलो. मराठीत. "साहेब! मी पाऊस मोजायला येतो, लढाईला नाही! तीन वर्षं मार खाल्ला, खाली बघितलं, वर बघितलं, तुमच्या खड्ड्यात पडलो, कधी काही मागितलं? आता एक बाटली मागतो!"

तो काय समजला देव जाणे. पण घड्याळाकडं बोट केलं, ते समजला. लष्करातला माणूस, वेळेला मान देतो. मग असं ठरलं, चेंडूला हात लावायचा नाही, पण नरसाळं आहे तसं उचलायचं. उचलायचं कुणी? तपासनिसांनी. पूजेचं ताट धरावं तसं त्यांनी ते चेंडूसकट दोन्ही हातांनी उचललं, डोळे मिटून. मेजरानं बाजूला उभं राहून सलाम ठोकला. आणि मी गुडघ्यावर बसून बाटली मापात ओतली. आठच्या ठोक्याला. चौदा सेंट!

मग फोटो निघाला. मग मेजरानं कागद काढला, एका फटक्यात चेंडू आत गेल्याचा, आणि साक्षीदार म्हणून आम्हा तिघांच्या सह्या घेतल्या. मी सहीच्या वर हवा लिहिली. तपासनिसांनी चिमटा लावून कड तपासली: पोचा नाही, पाच इंच बरोबर. तरी ते म्हणत होते की जागा धोक्याची आहे, यंत्र कोरेगावलाच न्यावं. तर मेजर म्हणाला, हे डबडं इथनं तसूभर हललं तर माझा फटका खोटा ठरेल! आणि त्यानं समोर उभं राहून शेरा लिहून घेतला: 'यंत्र आहे त्याच जागी कायम ठेवावे.'

कायम! मला वाटलं, जिंकलो. घरी जाऊन राहीबाईला साखर वाटायला सांगितली.

आज सकाळी गेलो, तर बांबू नाही. त्या जागी लोखंडी कांब, रंग दिलेली, आणि तिच्यावर नवं कोरं लाल निशाण. तात्याबा म्हणाला, कमिटीनं ठराव केलाय, हीच आता इथली गल, मेजरसाहेबांच्या मानाची. मी म्हटलं, निदान आठ ते सव्वाआठ खेळ बंद ठेवा. तात्याबा विचारून आला. म्हणाला, "सायब म्हनत्यात, आठालाच तर समदं हितं पोचत्यात. पर तुज्यासाठी ह्ये दिलंय." आणि लष्करी लोखंडी टोप माझ्या हातात ठेवला.

सोमवार, तारीख चार सप्टेंबर. सकाळी आठ वाजता आभाळ निरभ्र, वारा शांत. पाऊस निरंक. चेंडू नरसाळ्यात दोन, टोपावर पाच.