सरांनी ठेवलेल्या चार पळवाटा

काकू, शेंदूरजनाघाटहून आलेले सरांचे भाऊ, आणि इथं जमलेले तुम्ही सगळे. माझ्याच्यानं बोलणं होईल की नाही, माहीत नाही. काकू म्हणाल्या, "तूच बोल." म्हणून उभी राहिले.

मी संजीवनी. अकोल्याला जठारपेठेत राहते, तिथंच कॉलेजात शिकवते. वानखडे सरांची विद्यार्थिनी. आत्ता दोघातिघांनी सांगितलं, सर फार विनम्र होते. नाही हो! काकू, तुम्हीच सांगा, होते का? दर रविवारी बडनेऱ्याला उतरून मी त्यांच्याकडे जायची. फाटकातच आवाज यायचा, "काहून उशीर केला वं? बस. पोहे खाय अन् वाचाले लाग." आभार मानले तर चिडायचे. "मी का परका आहो?"

आणि अशा माणसानं आयुष्यभर अभ्यास कशाचा केला? अदबीच्या बोलण्याचा! तेही दोन हजार वर्षांपूर्वीच्या लॅटिन कवितांमधल्या. लॅटिन स्वतःच शिकले. भाऊ, तुम्हीच हसायचे ना, "संत्र्याच्या बगीच्यात याचा काय उपेग?"

आजचे भाषेचे अभ्यासक सांगतात, मागणं म्हणजे समोरच्यावर ओझं. ओझं जितकं जड, तितकं माणूस आडून बोलतो. समोरच्याला नाही म्हणायला पळवाट ठेवतो. सर हा विचार त्या जुन्या कवितांना लावून बघायचे. एखादा कवी आपल्या धन्याला म्हणतो, माझ्या ओळी ऐका. पण आधी म्हणतो, तुम्ही कामात असाल. ओळी तशा किरकोळच आहेत. नंतर ऐकल्या तरी चालेल. मी म्हणायची, "सर, किती नम्र कवी!" सर टेबलावर पेन्सिल आपटायचे. "नम्र नाही वं, कासावीस आहे तो. पळवाटा मोज!"

मग मी एकेका पळवाटेखाली पेन्सिलीनं रेघ मारायची. जितक्या पळवाटा जास्त, तितकी गरज मोठी. पंधरा वर्षं मोजल्या मी. रोममधल्या माणसांच्या.

अलीकडे माझं रविवारचं जाणं सुटलं होतं. गेल्या महिन्यात सरांचा फोन आला. आवाज बसलेला होता. "पोरी, तुले सवड असन तर एखाद्या रविवारी येऊन जाजो. पेपर तपासाचे असतीन तर राहू दे. तशी घाई काही नाही. नाहीच जमलं तर फोनवर बोलू."

मी काय म्हटलं? "बरं सर, पेपर संपले की येते." आणि मनात म्हटलं, म्हातारपणी सर किती मऊ झाले! बरं वाटलं मला. बरं वाटलं, ऐकताय ना तुम्ही?

दोन रविवार गेले. तिसरा यायच्या आधी, गुरुवारी, सर गेले.

काकूंनी परवा सांगितलं. सरांना अक्षर दिसेनासं झालं होतं. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लिहून झालेलं, ते कुणीतरी वाचून दाखवावं, एवढंच हवं होतं. दोन्ही रविवारी व्हरांड्यात माझी खुर्ची मांडून बसले. काकू म्हणाल्या, "मी करते तिला फोन." तर म्हणाले, "नको. तिले काम असन."

एका शब्दात "ये" म्हणणारा माणूस. त्यानं मला चार पळवाटा ठेवल्या. मी सांगायला हवं होतं स्वतःला, मोज गं बाई, मोज. नाही मोजल्या. आपल्या माणसाच्या कोण मोजतं?

सर, आता मी बोलते, आणि पळवाट ठेवत नाही. मी चुकले. पेपर इतके नव्हते. मला यायचा कंटाळा आला होता, म्हणून मी आले नाही.

ते प्रकरण माझ्या पिशवीत आहे. येत्या रविवारी काकूंजवळ, त्याच खुर्चीत बसून मी ते मोठ्यानं वाचणार आहे. अडखळले तर पेन्सिल आपटणारं कुणी नसेल.

आता सरांसाठी दोन मिनिटं. अशा वेळी "आपणांस नम्र विनंती" म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. सर परके नव्हते, तुम्हीही नाही.

उठा. गप उभे राहा.