काचेच्या कुप्यांतलं कॅल्शियम

दि. ११ मार्च २०१९

नाव: व्हेनेता क्रुमोवा पेत्कोवा, वय ५२ वर्षे, व्यवसाय: नोकरी (रुग्णालयात औषधनिर्माती), रा. दोल्नो लिपोवो, बल्गेरिया.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगते की, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शिरेतून द्यायच्या अन्नाच्या पिशव्या भरण्याचं काम एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे.

राल्या स्तोयनेवा हिचा मुलगा कालोयान सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मला. वजन नऊशे दहा ग्रॅम. एकसष्ट दिवस तो माझ्या पिशव्यांवर होता. त्यात घालायचं कॅल्शियम काचेच्या कुप्यांतून येतं. काचेतलं ॲल्युमिनियम त्यात उतरतं, एवढ्याशा बाळांना ते लघवीवाटे पुरतं टाकता येत नाही, ते हाडांत साठतं आणि हाडं कमजोर होऊ शकतात, हे मी दोन वर्षांपूर्वी वाचलं होतं. प्लास्टिकच्या कुप्यांत ते फार कमी असतं.

ते मी आमचे प्रमुख ओग्न्यान यांना सांगितलं. ते म्हणाले, "व्हेनेता, बाळं जगून घरी जातायत. आता त्यांची हाडंपण तूच तपासणार का?" आम्ही दोघंही हसलो. पुन्हा मी विषय काढला नाही.

दि. २ मार्च रोजी घरी लंगोट बदलताना कालोयानच्या मांडीचं हाड मोडलं. एक्स-रेमध्ये बरगड्याही मोडून जुळलेल्या दिसल्या. राल्यावर मारहाणीचा संशय घेऊन मूल काढून घेण्यात आलं.

दि. ६ मार्च रोजी सकाळी दहाच्या सुमारास ती औषधांच्या खिडकीशी आली. मी तिला वॉर्डात पाहिलं होतं; ती मला ओळखत नाही. म्हणाली, "ताई, हा दुधाचा डबा परत घेता का? उघडला नाहीये."

मी विचारलं, "बाळ कसं आहे?"

"बघू देत नाहीत. ताई, लंगोट बदलताना पाय असाच उचलतात ना? दोन बोटांनी?" तिने हवेत उचलून दाखवलं.

मी 'हो' म्हटलं. डबा परत घेतला.

हाड कशाने मोडलं ते मी सांगू शकत नाही. मुलाच्या रक्तातलं ॲल्युमिनियम मोजावं. कुप्यांच्या नोंदी सोबत आणल्या आहेत. मला कोणी पाठवलेलं नाही. पिशवी भरताना मला ती दोन बोटं दिसतात. हे लिहायचं का, असं अंमलदारांनी विचारलं. लिहा, असं मी सांगितलं.

आज सकाळीही तीन पिशव्या काचेच्याच कुप्यांतून भरून आले आहे. दुसऱ्या कुप्या नाहीत आणि बाळांना अन्न लागतं.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. त्यात मी काचेच्या कुप्या वापरल्या तिथे 'चुकून' असा शब्द पडला होता, तो मी खोडायला लावला. बाकी सर्व मी सांगितलं तसंच आहे.

(सही) व्हेनेता पेत्कोवा