पट्टा गुरगुरत नाही

— साखर जास्त झाली तं झाली, पी आता. माह्या हातचा चहा न घेनारे लय पाह्यले म्या, तू निदान कप उचलला. तोंड नोको पाडू वं वेदिका, माहं बोलनंच असं हाये. कालेजातून इतक्या उन्हात मोजे तपासाले आली, तं तपास. पन हातातच राहू दे. काढाचं काय काम?

तुह्या सरनं पह्यल्या दिवशी मले विचारलं होतं — काका, हाताले काहीच समजत नाही म्हंजे कसं वाटते? आता वाटतच नाही, तं कसं वाटते हे काय सांगू, डोंबल? महारोग झाला तवा मी तुह्याएवढा होतो. गोळ्या खाल्ल्या, रोग गेला, डाक्टर म्हने कवडू, तुह्यापासून आता कोनाले काही लागत नाही — पन हात मेले ते मेलेच. चहाची टपरी होती माही. भट्टीवरचं चहाचं उकळतं गंज उघड्या हातानं उचलो. गिऱ्हाइक म्हने, वा रे वाघा! अन् मी लेकाचा छाती फुगवो. सांजच्याले घरी गेलो का बायको दिव्यापाशी बसून हात उलटेपालटे करे, फोड शोधे. आमच्यातले सारेच करतात ते, आंगालेच ठाऊक नसते ना कोठी जळलं. ते गेली. आता मीच पाह्यतो.

मंग तुमचे हे मोजे आले. बोटाच्या शेंड्याले टिकल्या, अन् दंडावर पट्टा — दंडात अजून जीव हाये माह्या. कप धरला का पट्टा हळूच गुरगुरे, जोरात धरला का जोरात गुरगुरे. दिवसभर म्या काय काय दाबून पाह्यलं — संत्रं, उशी, कुत्र्याचा कान. हासू नोको. कुत्रं चावलं नाही हे नशीब.

खरं सांगू? आयुष, माहा पोरगा, बेशाले, शहराच्या कडेले, फ्लॅट घेऊन राह्यते. नात झाली तं रितिकानं, सुनेनं, दारातूनच दाखवली. "बाबा, हात नका लावू, कोवळं बाळ आहे." वाईट नाही वं ते, जेवाले घालते, पोटभर घालते — ताट तेवढं वेगळं. अन् मोजे घालून गेलो त्या दिवशी? मांडीवर आनून ठेवली! आपखुशीनं! मले वाटलं, तिचा यंत्रावर भरवसा बसला, बुढ्याले आता जोर समजते. मंग नातीचं नाक पुसाले म्या एक मोजा काढला, अन् रितिकानं लेकरू झटकन उचललं. काहून? तूच सांग, काहून? मले समजावं म्हनून नाहीत वं हे मोजे. माहे हात दिसू नये म्हनून हायेत.

काय? पट्ट्याचा लाइट लागत नाही? ठाऊक हाये मले. अवं ठाऊक हाये म्हनतो ना! कधीचाच गुरगुरत नाही पट्टा. फोन काहून करू? तू दुरुस्तीले नेशीन, मंग आज-उद्या करशीन, तवरोक लेकरू मले विसरून जाईन. आताशी कोठी मले पाहून हासाले लागली. बोट धरते माहं. म्हंजे, धरलं असं दिसते, तं मी मानून घेतो.

जपूनच धरतो. डोळ्यानं पाहून धरतो. उकळतं गंज कधी सांडू नाही देल्लं, लेकरू काय — काय म्हनाली? लेकराले लागलं का? नाही. कोनी काही म्हनत नाही. तिच्या मनगटावर निळं झालं होतं, ते हातातल्या चांदीच्या वाळ्यानं. मीच सांगतलं रितिकाले, वाळे घट्ट हायेत, काढून ठेव. तिनं काढले बिचारीनं. अन् पुढच्या खेपेले —

अशी नोको पाहू वं माह्याकडं. पुढच्या खेपेले वाळे नव्हते. लेकरू रडून राह्यलं होतं, म्या म्हटलं भूक लागली आसन, मी आपला एका हातानं थोपटतो, दुसऱ्या हातानं तिचा हात धरलेला — अन् पट्टा गुपचूप! पट्टा गुपचूप म्हंजे हातात जोर नाही, तुम्हीच शिकवलं ना मले? बंद पडला हे डोक्यातूनच गेलं माह्या. सोडलं तं बोटं उमटली होती. माही बोटं. रितिका सैपाकघरात होती. म्या झबल्याची बाही खाली ओढून देल्ली.

उद्या येनार हायेत सारे, इथीच. आयुष म्हने, बाबा, मोजे हायेत तं नात दिवसभर तुमच्यापाशी ठेवतो.

घे. ओढ. अजून जोरात ओढ, मले काय दुखते? पट्टाबी सोड. अन् दुरुस्त झाले तरी परत आनू नोको. रितिकापाशी तुहा नंबर हाये, ते विचारन, मोजे काहून नेले — तिले सांगजो का बुढा... नोको. काही सांगू नोको. बुढ्याले कटाळा आला म्हन.

आता काय बसून राह्यली? झालं ना तुहं काम? नीघ. नीघ म्हटलं ना.