दुसरीचे मास्तर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दूरचित्रवाणीचे महासंचालक, व्यासपीठावरचे सर्व विभागप्रमुख, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते मास्तर, पहिल्या रांगेतून ‘थोडक्यात आवरा’ अशा नजरेनं माझ्याकडे बघणाऱ्या वहिनी, आणि स्टुडिओतली कामं कशीबशी सोडून आलेले माझे सहकारी,

या भाषणासाठी माझं नाव सुचवलं गेलं तेव्हा मी संयोजकांना विचारलं, ‘मीच का?’ ते म्हणाले, ‘मास्तरांशी सगळ्यांत जास्त तुम्हीच भांडलात.’ हे कारण मला पटलं. कौतुक करणारे वक्ते बरेच आहेत. मी फक्त एका भांडणाची हकीकत सांगते.

नव्या मंडळींना कदाचित ठाऊक नसेल. आपली वाहिनी आज ‘क्षितिज’ आहे. पूर्वी ती नुसती ‘दुसरी’ होती. वरच्या मजल्यावर पहिली, तळघरात आपण. मास्तर दुसरीचे प्रमुख, आणि कुणाही निवेदकाचा एखादा उच्चार चुकला की ते हातातल्या पेन्सिलीनं टेबलावर टकटक करायचे, म्हणून त्यांना मास्तर हे नाव पडलं. त्यांच्या लग्नाची बोलणी चालू असताना वहिनींच्या वडलांनी विचारलं होतं, ‘मुलगा काय करतो?’ मध्यस्थ म्हणाले, ‘दुसरीत आहे.’ सासरेबुवा म्हणाले, ‘अजून?’

हसू येतं ना? आम्हाला रोज यायचं नाही. एक नामवंत गायिका मेकअप करून बसली होती. तिला कुणीतरी सांगितलं की हे रेकॉर्डिंग दुसरीसाठी आहे. तिनं शांतपणे दागिने काढले, पिशवीत भरले आणि निघून गेली. माझी आई नातेवाइकांना सांगायची, ‘लेक टीव्हीवर असते.’ कुठल्या वाहिनीवर, हे ती कधी सांगायची नाही. विचारलंच कुणी, तर चहा टाकायला उठायची.

अशात तेव्हाच्या महासंचालकांनी नामांतराची टूम काढली. बाहेरून सल्लागार आले, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. पहिलीचं ‘शिखर’ व्हायचं, दुसरीचं ‘क्षितिज’. आमच्या तळघरात आनंदीआनंद झाला. समितीवर आमच्याकडून दोघांना घेतलं, मास्तर आणि मी. मला वाटलं, झालं आपलं काम.

पहिल्याच बैठकीत मास्तर म्हणाले, ‘माझा विरोध आहे.’

मी बैठक संपेपर्यंत कशीबशी थांबले. बाहेर आल्यावर जिन्यातच त्यांना गाठलं. ‘मास्तर, इतकी वर्षं आपण दुय्यम म्हणून राहिलो, आणि आता सुटायची वेळ आली तर तुम्हीच दार लावून घेताय?’

‘बाई, नाव लोकांच्या तोंडात बसलंय,’ ते म्हणाले. ‘पाटी बदलायला आपलं काय दुकान आहे? लोकांच्या पैशावर चालतो आपण. त्यांना न विचारता बदलायचं म्हणजे काय?’

‘मग विचारू या.’

‘चला.’

खरोखरच गेलो. कचेरीच्या मागच्या रस्त्यावर एक शिंपी आहे. त्याच्या दुकानात दिवसभर आपलीच वाहिनी चालू असते. मास्तरांना खात्री होती, हा आपल्या बाजूनं बोलणार. त्यांनी विचारलं, ‘काय हो, या वाहिनीचं नाव बदललं तर चालेल का?’

शिंप्यानं मशीन थांबवलं. ‘बदला की! मी दुकानातून ओरडतो, “दुसरी लाव गं.” आतून बायको विचारते, “पहिलीनं काय घोडं मारलंय?” गिऱ्हाइकांसमोर शोभा होते.’

आतून त्याची बायको म्हणाली, ‘नाव काही का ठेवेनात. संध्याकाळच्या बातम्यांची वेळ तेवढी बदलू नका म्हणावं.’

परतताना मास्तर झपाझप पुढे चालत होते. मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. आता प्रश्न असा, की या शिंप्याची गोष्ट बैठकीत सांगायची कुणी? मी मनात जुळवाजुळव करत होते. पण माझी पाळी यायच्या आधीच मास्तर उभे राहिले आणि त्यांनी ती सगळी सांगितली. बायकोच्या वाक्यासकट. खोली हसली. शेवटी ते म्हणाले, ‘मी ज्याला विचारलं, तो माझ्या विरोधात आहे. माझं मत तरीही तेच आहे. पण हे तुम्हाला कळायला हवं.’

मतदान झालं. ते हरले, आम्ही जिंकलो. जाता जाता मास्तर एवढंच म्हणाले, ‘क्षितिज म्हणजे चालत राहिलं तरी पोचता येत नाही ते. आपल्या अनुदानाला शोभून दिसेल.’

त्यानंतर कितीतरी महिने आम्ही कामापुरतंच बोललो. दुपारी एकाच टेबलावर जेवणारी माणसं आम्ही. मी टेबल बदललं. मला वाटायचं, या माणसाला आमचा कमीपणा कधी कळलाच नाही. त्यांना काय वाटायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आज त्यांच्या भाषणात सांगतील तर ऐकू या.

नवं नाव झळकलं त्या सकाळी टेलिफोनच्या खोलीत नुसता कल्लोळ. दोन्ही ऑपरेटर मुली रडवेल्या झालेल्या. प्रेक्षक विचारत होते, आमची दुसरी कुठं गेली? मी धावत तिथं गेले, तर तिसऱ्या खुर्चीवर कानाला रिसीव्हर लावून मास्तर बसलेले.

‘नमस्कार, क्षितिज.’

पलीकडचा माणूस इतक्या जोरात ओरडत होता की मला दारात ऐकू आलं. ‘कुठल्या मूर्खानं ठेवलं हे नाव?’

मी थांबले. म्हटलं, आता सांगतील, माझा विरोध होता म्हणून. आणि सांगितलं असतं तर त्यात खोटं काय होतं?

मास्तर म्हणाले, ‘आमच्या समितीनं ठेवलंय. मी त्या समितीत होतो. तुम्हाला त्रास झाला, दिलगीर आहे. बातम्या त्याच वेळेला आहेत, तीच बटणं आहेत. चालेल?’

रिसीव्हर ठेवला, पुन्हा घंटी वाजली, पुन्हा ‘नमस्कार, क्षितिज.’ मी शेजारची खुर्ची ओढली आणि फोन घ्यायला लागले. दुपारी आम्ही एकाच टेबलावर जेवलो.

नाव बदलून काय झालं, असं कुणी विचारेल. प्रेक्षक फारसे वाढले नाहीत, घटलेही नाहीत. सल्लागारांनी दाखवलेलं सोनेरी भवितव्य अजून यायचंय. पण तळघरात काम करणारी माणसं ताठ मानेनं जिना चढायला लागली. म्हणून मी आजही म्हणते, बदललं ते बरं केलं. मास्तर आजही म्हणतात, नको होतं. हा वाद मिटलेला नाही, आणि तो मिटवायला मी उभी नाही.

आता पुढची गोष्ट अलीकडची आहे. ती सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला. अध्यक्षमहाराज इथेच बसले आहेत; माझं काही इकडचं तिकडे झालं तर त्यांनी मला जरूर थांबवावं.

गेल्या महिन्यात साहेबांनी, म्हणजे आपल्या अध्यक्षांनीच, आम्हाला बोलावलं. म्हणाले, हल्ली लोकांना जुन्याची ओढ लागली आहे, तर आपण पुन्हा ‘पहिली’ आणि ‘दुसरी’ करू या. आणि मोठ्या प्रेमानं मास्तरांकडे वळले. ‘तुमचंच म्हणणं होतं ना हे? निवृत्तीची भेट समजा.’

मी मास्तरांकडे बघितलं.

मास्तर म्हणाले, ‘होतं, साहेब. तेव्हा होतं.’

‘मग आता काय झालं?’

‘आमच्याकडची निम्मी माणसं नाव बदलल्यावर, क्षितिजवरच नोकरीला लागली. ती ग्राफिक्सची मुलगी परवा सांगत होती, तिचे आजोबा सगळ्या गल्लीला सांगतात, नात क्षितिजवर असते. तिला आता उद्यापासून दुसरीत बसवायचं?’

साहेब हसले. म्हणाले, ‘मास्तर, तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध बोलताय.’

‘नाही,’ मास्तर म्हणाले. ‘तेव्हा मी म्हणत होतो, लोकांच्या तोंडात बसलेलं काढू नका. आजही तेच म्हणतोय. तोंडात बसलेलं नाव तेवढं बदललंय.’

त्यांच्या बाजूनं तेव्हा मत दिलेले एक जुने स्नेही तिथंच होते. बाहेर आल्यावर ते मास्तरांना म्हणाले, ‘तुझ्यासाठी आम्ही वैर घेतलं, आणि जिंकायची वेळ आली तेव्हा तू हे केलंस?’ ते आज आलेले नाहीत. मास्तरांची नजर मघापासून दाराकडे जाते आहे, ती मी पाहिली आहे.

साहेब त्या दिवशी म्हणाले, विचार करू. तो विचार सोमवारच्या बैठकीत व्हायचा आहे. त्या बैठकीत मास्तरांच्या खुर्चीवर मी असेन. खरं सांगायचं तर, या विषयावर आयुष्यात पहिल्यांदाच आमच्या दोघांचं एकमत झालं आहे, आणि नेमकं तेव्हा मला शेजारच्या खुर्चीवर कुणी नसताना बोलायचं आहे. साहेब, मी बोलणार आहे. आज सांगून ठेवते.

अध्यक्षांनी मला मध्येच थांबवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. वहिनींनी इतकी वर्षं मास्तरांना आमच्यात सोडलं, त्यांचे ऋण. ध्वनियोजना सांभाळणाऱ्या मित्रांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे आणि चहा थंड होत असतानाही बसून राहिलेल्या आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर तो माझा उणेपणा समजून पोटात घालावा. आणि मास्तर, एखादा उच्चार चुकला असेल तर आज टेबलावर टकटक नको. घरी जाऊन फोन करा.