बोटं सुजली तेव्हा

देवळापुढं जमलेल्या मामांनो, मावश्यांनो, दाजी. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. हैदराबादला लिफ्टा बसवतो. चार माणसांत उभा राहून कधी बोललो नाही, आणि आज बोलायचंय तेही चांगलं नाही.

सुमित्रा अक्का माझी थोरली बहीण. ती गेल्यापासून ऐकतोय, "नशिबात हुतं तिच्या." ते ऐकून किळस येते. तुमची येते. माझी मला जास्त येते.

दोन वर्षं अक्काचं अंग दुखत होतं. मान, पाठ, मांड्या, सगळं. झोपून उठली तरी थकलेलीच. आपल्याकडं लावणी सावडीनं होते. आज सगळ्या बाया तुमच्या शेतात, उद्या आमच्या. अक्का दुपारीच बांधावर बसायची. मग बोलणं व्हायचं, "जेवायच्या वक्ताला बरी उठती ही." कोण बोललं ते विचारत नाही. ज्याचं त्याला ठाऊक आहे.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाच्या बायकोचं अंग असंच दुखायचं. तिला फायब्रोमायल्जिया निघाला. मी लगेच अक्काला फोन लावला. म्हटलं, अक्का, तुझं हेच हाय. यानं माणूस मरत न्हाई, हिंडत-फिरत राहा. ती मग म्हणाली, "नाव हाय व्हय रे त्याला? म्हंजे मी सोंग करत न्हाई."

किती खूश झाली होती.

कामावरच्या त्या गड्याच्या बायकोचं रक्त, लघवी, थायरॉईड, सांधे, सगळं बघून मग डॉक्टरांनी ते नाव घेतलं होतं. मी तेवढं नावच उचललं. लिफ्ट अडकली तर दार, वायर, ब्रेक एकेक बघितल्याशिवाय आमचा मिस्त्री तोंड उघडत नाही. आणि बहिणीचं दुखणं मी फोनवर ठरवलं.

पुढं अक्काची बोटं सुजली. साबण लावून बांगड्या काढल्या. आपण म्हटलं, त्यातलंच हाय. गाल लाल झाले. म्हटलं, ऊन लागलं. ताप यायचा, केस गळायचे, लघवीला फेस यायचा. सगळं त्या एका नावात कोंबलं. दवाखान्यात गेल्यावर नाव आपणच सांगायचो. तिथले डॉक्टरही तेच कागदावर लिहायचे आणि दुखण्याच्या गोळ्या द्यायचे.

शेवटी बेळगावला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी तिची बोटं हातात घेतली. "ही सूज कधीपासून?" रक्त आणि लघवी तपासली. ल्युपस निघाला. यात शरीर स्वतःवरच उलटतं. किडन्या संपल्या होत्या. बाई म्हणाल्या, "फायब्रोमायल्जियाचं दुखणं खरंच असतं, सोंग नसतं. पण त्यानं सांधे असे सुजत नाहीत, ताप राहत नाही, किडनी जात नाही. दोन वर्षांत लघवी कुणीच तपासली नाही?"

दाजी खाली बघत होते. मी भिंतीकडं. अक्काच म्हणाली, "त्यांना बोलू नका बाई, त्यांना काय ठाव."

ठाऊक करून घ्यायचं नव्हतं, अक्का.

आता एकच. अक्काची जाऊ, शेवंता वैनी, मागं बसलीय. हात पदराखाली आहेत. वैनी, लपवू नका. सकाळी चहा देताना तुम्ही कप दोन्ही तळव्यांत धरून आणलात, बोटं सुजलेली, मी बघितलं. दाजी, उद्या सकाळच्या जीपनं वैनींना तपासायला न्यायचं. रक्त आणि लघवी, दोन्ही. नाव कुणी आधी सांगायचं नाही. मी तर नाहीच. मी बरोबर येतो, कामावर जायचं तेव्हा जाईन.

रोज उठल्यावर अक्काची बोटं आखडून मिटलेली असायची. ती उघडेपर्यंत अक्का चुलीपुढं बसून राहायची, आणि आपण तिला आळशी म्हणायचो. आज तेवढा वेळ आपण बसू. मुठी मिटा. मी सांगेपर्यंत कुणी उघडू नका, आणि कुणी काही बोलू नका.