उकळलेला सरस

असू दे रे, असू दे ते गाठोडं चुलीजवळच — बाहेर हाडं गोठतायत — आणि तू आधी चहा घे. पहिली वाटी संपेपर्यंत पाहुण्यानं कामाचं बोलायचं नाही, ही या घरची रीत. आणि बोलायचंय काय? दोन तारांचा दोंब्रा मोडलाय, गाठोड्याच्या आकारावरूनच कळलं मला! सगळे त्यासाठीच येतात या उल्तुआरकडे. स्टर्जन माशाच्या पोटातली हवेची पिशवी — वरचं साल सोलायचं, पांढरं तेवढं गार पाण्यात भिजवायचं, मळायचं, मग गरम पाण्यात भांडं ठेवून हळूहळू विरघळवायचं — झाला सरस. तिकडे अतिराऊ शहरातल्या बाया हेच कोलॅजन म्हणून चहात घालून पितात, कातडी तुकतुकीत होते म्हणे! मी आपली लाकडं चिकटवते. फक्त खळखळून उकळू द्यायचा नाही. उकळला की मेला. दिसतो तसाच, चिकटतोही — पण शेक लागला की सांधा सोडतो.

तुला म्हणून सांगते. एसेनगेल्दी माहितीय? तोच, मेळ्यात कवनं म्हणणारा. माझ्या नवऱ्याचा जिवलग! दोघं एकाच होडीतून समुद्रावर जायचे. बंदीचा मासा दोघांनी धरला — आणि पकडल्यावर यानं सगळं माझ्या सार्सेनवर ढकललं. हा सुटला. सार्सेन तुरुंगातच वारला. त्याचा दोंब्रासुद्धा यानंच ठेवून घेतला, आठवण म्हणून! आणि परवा या मेल्याचा निरोप — वहिनी, थोडा सरस हवाय. मी नाही म्हणाले? छे! चांगला खळखळ उकळला, हसत हसत दिला. आता भरल्या मेळ्यात, शेकोटीपाशी वाजवता वाजवता त्याच्या मांडीवर उकलू दे दोंब्रा — लोकांनी फिदीफिदी हसलं पाहिजे! तेव्हा माझा जीव थंड होईल.

तू का पांढराफटक पडलास? पाप वाटतं? वाटू दे. कुठून आलास म्हणालास? — म्हणाला नाहीसच, मीच बोलू दिलं नाही. त्याचा जावई? एसेनगेल्दीचा? बरं झालं! जा, सांग त्याला, तोंडावर सांग! — काय? सरस न्यायला नाही आलास? मग हे गाठोडं —

थांब. टक्कन वाजलं ना काहीतरी? चुलीजवळ?

सोड गाठ. सोड म्हणते ना.

दोंब्र्यावरची ही माशाची शेपटी... ही सार्सेननं कोरलेली. लग्नाच्या वर्षी. मला परत द्यायचा म्हणून जोडून घेतला त्यानं? माझ्याच सरसानं?

हात लावू नकोस. राहू दे तसाच. त्याला काय सांगायचं ते — नाही, काही सांगू नकोस. मी त्याला माफ केलेलं नाही, एवढं मात्र सांग. ऊठ आता. वाटी ठेव तिथंच. दार लावून घे जाताना.