दोन्ही घरचा पाहुणा

दुकानदार : साप नाही हो हा. समुद्रातला मासाच, फक्त अंगानं वामेसारखा लांबुळका. अगदी गरीब जात.

नवरा : ते ठाऊक आहे. आमच्या लेकीनं तुमच्याच दुकानातून नेला होता. तो दगडाखालून बाहेर येत नाही, ते बघा.

दुकानदार : तळाशी दगडाखाली बसणं, हाच त्याचा धंदा.

बायको : पण जेवायच्या वेळी तोंड काढायचा. हल्ली तेही नाही. म्हणून दगडासकट बादलीत घालून आणलाय.

दुकानदार : वास मारतोय. पाणी कधी बदललं?

नवरा : परवाच. मी बदललं.

बायको : अर्धंच बदललं, हेही सांगायला सांगा यांना.

नवरा : अर्धंच बदलायचं असतं, हे तिला सांगा.

दुकानदार : अहो, शेजारी शेजारी उभे आहात. मी मध्ये कशाला?

बायको : आमचं बोलणं बंद आहे.

दुकानदार : कधीपासून?

नवरा : लेक परदेशी गेली तेव्हापासून.

बायको : यांनी परस्पर हो म्हटलं. मला कळलं ते तिची बॅग भरताना.

नवरा : आधी विचारलं असतं तर जाऊ दिलं असतं का, विचारा तिला.

दुकानदार : मी मासे विकतो हो, मला माशाचं विचारू द्या. खायला काय घालता?

नवरा : कोळंबी, बारीक करून. कामावर निघताना, एक चिमूट.

दुकानदार : मग बरोबर आहे की.

बायको : सकाळी? रोज?

दुकानदार : का हो?

बायको : मी दुपारी घालते. यांना कुठली आठवण राहायला, म्हणून.

नवरा : दुपारी? मला वाटलं, तिला त्याची किळस येते.

बायको : येते. म्हणून काय उपाशी मारायचा?

दुकानदार : दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, असं ऐकत आलो. हा एकाच घरात दोनदा जेवून मरायला टेकलाय! उरलेलं तळाशी कुजतं, आणि याचा मुक्काम तळाशीच.

बायको : वाचेल ना? लेकीनं याचं नाव नाड्या ठेवलंय. फोनवर आधी 'नाड्या कसा आहे' विचारते, मग आम्ही कसे आहोत ते.

नवरा : त्याला काही झालं तर मी नाही हं सांगणार तिला.

बायको : मग काय मी सांगू?

दुकानदार : थांबा, शेपटी हलवतोय. स्वच्छ खारं पाणी देतो. चार दिवस कडक उपास. पुढे दिवसाआड, आणि एकानंच घालायचं. घातलं की दुसऱ्याला सांगायचं.

नवरा : तुम्हाला फोन करून सांगितलं तर? तुम्ही तिला कळवा.

दुकानदार : मला दुसरे उद्योग आहेत.

(उपास संपल्यावर, घरी. नवरा दारात चपला काढतो आहे.)

बायको : तोंड काढलंय त्यानं.

नवरा : कोणाला सांगतेयस?

बायको : इथे तिसरं कोण आहे?

नवरा : घातलंस त्याला?

बायको : नाही. तुमची वाट बघत होते.